प्रशिक्षणाला जाताना पेन नेऊ नये

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे बोलावणे आले की घाबरू नका. फाईलसोबत मिळणारे कोरे पॅड तसेच घरी आणा, वाण्याच्या यादीला उपयोगी पडते.

जागा मागची, पंख्याखालची आणि चार्जिंगच्या प्लगजवळची धरा.

दोन्ही सत्रांच्या सह्या चहाआधीच उरका.

आता मुख्य साधना: फोटो. स्लाईड आली की मोबाइल उगारावा; मागच्याला दिसत नसेल तर ते त्याचे नशीब. गेल्या शुक्रवारी पणजीत समग्र प्रगतीपत्रकावरचे सत्र होते. मुलाचे स्वतःचे मत, सोबत्याचे मत, शिक्षकाचे मत, असा तक्ता पडद्यावर आला आणि माझ्यासमोर मोबाइलांचे कुंपण उभे राहिले. सोबत्याने लिहिलेले वर्गात मोठ्याने वाचू नका, हे वक्त्या बाईंनी दोनदा सांगितले. तोंडी. स्लाईडवर नव्हते ते! फोटोत तक्ता आला, ट्यूबलाइटचा झोत आला, पुढच्या सरांचे टक्कलही स्वच्छ आले.

लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा लोकांना कमी आठवल्या. पण आपल्याला आठवायचे आहे कशाला? पाठ केलेल्यातले निम्म्याहून अधिक तासाभरात उडते, हे एबिंगहाउसने 1885 सालीच स्वतःवर निरर्थक अक्षरांचा प्रयोग करून दाखवले. परतताना फोंड्याची कदंब बस धरा, म्हार्दोळ येईपर्यंत डोके हलके.

अहवालाची चिंता नको. शाळेत वहीत टिपणे घेणारा एक खुळा असतोच, त्याला गाठा. आमच्याकडे तो मी. कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉकनी रूढ केलेल्या पद्धतीने मी पान आखतो: डावीकडे अरुंद पट्टीत प्रश्न, उजवीकडे टिपणे, तळाशी सारांश. माझी वही नेलेल्या सरांनी फक्त सारांश उतरवला. "डावीकडचं तुमचं खासगी असेल असं वाटलं!" वहीवर बटाटवड्याचे तेल, ते वेगळे.

आणि सोमवारी याच सरांनी सहावीच्या वर्गात सोबत्यांची मते खणखणीत आवाजात वाचली. 'हिला काही येत नाही, गटात घेऊ नये.' ती पोर मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसून होती. बाईंचे ते वाक्य माझ्या वहीत होते, उजवीकडे, दोनदा अधोरेखित केलेले.

आता सरळच बोलतो. दिवसभर पोरांवर "वहीत उतरवून घ्या" म्हणून ओरडता आणि स्वतः दोन ओळी लिहायला हात दुखतात? बाई सकाळी सावंतवाडीहून निघून आल्या होत्या, तुमच्या गॅलरीत जागा भरायला नव्हे. पीपीटी गटावर टाका म्हणून आता मेसेज करताय. लाज वाटत नाही? त्या पोरीची समजूत कोण काढणार, पीपीटी? पुढच्या महिन्यात मडगावला सत्र आहे. दहा रुपयांचे पेन मिळते, विकत घ्या. माझी वही मागायला येऊ नका, देणार नाही.