मास्तरची बाजू आणि बंडूशेठचा दाखला

"एक परीक्षा द्या म्हणलं तर मोर्चे काढलालेत! आमच्या पोराला महिन्याला युनिट टेस्ट असतेत बे, तो काढतो का मोर्चा?" बंडूशेठनं मोबाईल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला.

नोकरीतल्या मास्तरांनी बी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं हा सुप्रीम कोर्टाचा निकाल तसा जुना झालाय. पण आमच्या कट्ट्यावर बातमी शिळी झाल्याशिवाय तिला चव येत नाही. कट्टा म्हणजे पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यामागचा अर्धा तुटलेला कठडा. बंडूशेठ प्लॉटची दलाली करतो, आणि मतं फुकट देतो. नागेशचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना, इरफानचं मोबाईलचं दुकान, काका सिद्धेश्वर साखर कारखान्याचे सभासद. आणि मास्तर उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेवर. मास्तर रोज येत नाही. आला की बंडूशेठला शिक्षण आठवतं.

मास्तर शांतपणे म्हणाला, "देतो की परीक्षा. दीडशे मार्क, अडीच तास. कोर्टानं सप्टेंबर २०२५ ला सांगितलं, दोन वर्षांत पास व्हा. होऊ. पण २०२१ ला ह्याच परीक्षेच्या घोटाळ्यात परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली होती. तेव्हा तू काही बोललास?"

"माझा काय संबंध?"

"तिथंच घोडं पेंड खातंय."

बंडूशेठ हार मानणाऱ्यातला नाही. त्याच्याकडं असल्या वेळेचा एक ठेवणीतला पत्ता असतो. "ते राहू दे. आपल्याच जिल्ह्यातले डिसले गुरुजी बघ. माढा तालुक्यातली परितेवाडी, झेडपीचीच शाळा. २०२० ला ग्लोबल टीचर प्राईजमध्ये जगात पहिले आले. त्यांना जमलं, तुमास्नी का जमत नाही?"

"दहा लाख डॉलर मिळाले त्यांना. सात कोटी. त्यातले अर्धे त्यांनी शेवटच्या फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांना वाटून टाकले. तू जुळे सोलापूरच्या प्लॉटचं कमिशन नागेशला अजून दिलं नाहीस."

नागेशनं चहा कठड्यावर ठेवला आणि हिशेबच काढायला घेतला. तो वाद जुना आहे, त्यात एक विहीर आणि एक मेहुणा आहे. त्यात दहा मिनिटं गेली. त्यातून बाहेर येतोय तोवर काकांनी चिमणी काढली. "विमानाला आडवी येते म्हणून आमच्या कारखान्याची चिमणी पाडली २०२३ ला. कारखाना शेतकऱ्याचा, विमान कुणाचं? तशीच तुमची शाळा बी पाडतेत बघा." इरफान म्हणाला, "काका, चिमणी पाडायला पोलीस लागले. शाळेला ते बी लागत नाहीत, जीआर पुरतो."

तो गमतीत बोलला, पण मास्तर तिथून सुटला. "१५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा, जीआर वाच. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत आला की शिक्षकाचं पदच उडतंय. पद उडालं की उरलेली पोरं दुसरीकडं जातेत. पोरं गेली की म्हणायचं, बघा, झेडपीत कोण पोरं घालत नाही. माझ्याकडं दोन वर्ग आहेत. एका वर्गाला बेरीज देऊन दुसऱ्याचं वाचन घेतो, तेवढ्यात केंद्रप्रमुखाचा मेसेज येतो, माहिती तात्काळ भरा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २७ मध्ये शिक्षकाला बाहेरची तीनच कामं लिहिलीत: जनगणना, आपत्ती, निवडणूक. पोषण आहाराची रोजची संख्या ॲपवर भरा, पोरांचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थी नंबर, काढा, आधार जुळवा, निरक्षर शोधा, ह्यातलं काय बी कलमात नाही. त्यात आता २०११ नंतरची पहिली जनगणना आलीय, ती तर कायदेशीरच."

"म्हणजे तुमचा दोष काहीच नाही," बंडूशेठ डोळे मिचकावत म्हणाला. त्याला वाटलं, सापडला.

"आहे की. आमच्यात पाटीवर उजळणी लिहायला लावून रील बघत बसणारे आहेत. त्यांची बदली होऊ नये म्हणून धावणारे पुढारी बी आमच्यातच आहेत. तो आमचा वाटा, मी कुठं पळतोय? पण आमच्या वाट्याचा हिशेब रोज होतो. साहेब येतो, सरपंच येतो, पेपरवाला फोटो काढून नेतो. बाकीच्यांच्या वाट्याची वही कुणाकडं आहे?"

शाळेच्या विषयावर नागेश इथंवर गप्प होता. तो महापालिकेच्या तेलुगू शाळेत शिकलेला. म्हणाला, "आमच्या शाळेत पत्रे गळायचे, पण सर यायचे. आईमुळं यायचे खरं. ती विड्या वळायची, अंगठेबहाद्दर. एकदा सर आठ दिवस आले नाहीत, तर सूप तसंच टाकून गेली आणि हेडमास्तरच्या दारात बसली. तेलुगूत काय काय बोलली ते मला आज बी मराठीत सांगता येणार नाही."

मास्तर त्याच्याकडं बघतच राहिला. "हेच म्हणतोय मी. तुम्ही पोरं नेलीत त्याचं मला काही नाही. जिथं बरं वाटतंय तिथं घाला. पण तुमच्याबरोबर भांडणारी माणसं गेली. संडासाला दार नाही म्हणून ओरडणारा बाप इंग्लिश मीडियमची फी भरतोय. आता माझ्याकडं राहिल्यात सालगड्याच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या आया. त्या बायकांचा एक रोज बुडला तर संध्याकाळचं काय? शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक पाहिजेत असं कायदा सांगतो. पालक आहेत. सही करतात आणि म्हणतात, गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं."

आणि मग नागेशला, अगदी सहज: "तुझ्या कारखान्यात कांड्या भरायला बाई येते, तिची पोरगी बी असते की सोबत."

"ती... सुट्टीत येते."

"कुठल्या सुट्टीत बे? जुलैत?"

नागेशनं चहावाल्याकडं बघितलं. चहावाल्यानं मास्तरकडं. मला विचाराल तर त्या संध्याकाळचं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं. बंडूशेठवर काही बोललेलं वाया जातं, नागेशला ते लागतं.

बंडूशेठनं मात्र ही संधी साधली. "आणि तुझी पोरगी कुठाय मास्तर? सांग की."

"चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. पाचवीला सोलापुरात घातली, खासगीत. तिच्या वर्गात तिच्याशिवाय दोनच पोरी उरल्या होत्या." मास्तर थांबला. "म्हणून म्हणतोय ना, सगळ्यांचा वाटा. माझा डबल आहे."

बंडूशेठचा तेवढा एकच नेम लागला, आणि मास्तरनं अंग चोरलं नाही. पण बंडूशेठला जिंकून थांबता येत नाही. तो म्हणाला, "आमचं बघा, आम्ही सरकारच्या जिवावर जगत नाही. स्वतःच्या पैशानं शिकवतो."

इरफाननं स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला. "शेठ, पोराचा आरटीईचा फॉर्म माझ्या दुकानात भरला होता. खासगी शाळेतल्या गरिबांच्या पंचवीस टक्के जागांतला. उत्पन्नाचा दाखला मीच स्कॅन केला."

"किती होतं बे उत्पन्न?" काकांनी हात कानामागं नेला.

"एक लाखाच्या आत. वर्षाला."

कट्टा फुटला. काकांना ठसका लागला. बंडूशेठची पांढरी गाडी समोरच उभी होती, तिचा हप्ता महिन्याला किती यावर बोली सुरू झाली. "लॉटरीत नंबर लागला नाही, वाचलास," नागेश म्हणाला. कमिशनचं थोडं वसूल झाल्यासारखं त्याच्या तोंडावर दिसत होतं. बंडूशेठ म्हणत राहिला, ते तहसीलमधल्या एजंटनं परस्पर केलं, मला माहितीच नव्हतं.

"मास्तर," इरफान म्हणाला, "तुमच्या समितीत बाहेरचा कुणी घेता येतो का?"

"शिक्षणतज्ज्ञ म्हणून एक घेता येतो."

झालं. बंडूशेठला तिथल्या तिथं बिनविरोध शिक्षणतज्ज्ञ करण्यात आलं. गाव, ग्रामसभा, ठराव वगैरे बाबी काकांनी हातानंच उडवून लावल्या. नागेश म्हणाला, सात रस्त्याला डिजिटल बोर्ड मी लावतो, शुभेच्छुक समस्त कट्टा.

बंडूशेठ तणतणत गाडीपर्यंत गेला. दार उघडलं. मग परत फिरला.

"डिजिटल लावणारच असाल तर फोटो तो गॉगलवाला टाकू नका. कानाला मोबाईल लावलेला हाय ना, तो टाका."