अमूर्त चित्र पाहण्याची बेळगावी रीत

अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनाला जाणाऱ्याने एक पथ्य कसोशीने पाळावे : कोणत्याही चित्रावर नजर ठरू देऊ नये. व्यक्तिचित्रकार के. बी. कुलकर्णींच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या शहराला व्यक्तिचित्र म्हणजे काय हे पुरते ठाऊक आहे. तेव्हा नाक, डोळे आणि फेटा नसलेल्या कॅनव्हासपुढे वेळ दवडण्याचे कारण नाही. आधी शीर्षकाची चिठ्ठी वाचावी, आणि तीवर ‘शीर्षक नाही’ असे लिहिलेले आढळल्यास थेट किमतीकडे वळावे.

तरीही नजर रेंगाळलीच, तर रंगाला रंग म्हणून पाहण्याचा प्रमाद टाळावा. पिवळ्याशेजारी तांबडा दिसला की हा कोणाचा झेंडा ते ओळखावे. भगवा दिसला की चित्रकार आपला की त्यांचा ते ठरवावे. आणि मधून एखादी वाकडी रेघ गेली असेल, तर निपाणी आणि खानापूर तिच्या कोणत्या अंगाला पडले याची चौकशी करावी. १९५६ पासून सीमावादात आपण हेच करीत आलो आहोत, त्यामुळे सराव दांडगा आहे. त्या पिवळ्यामुळे शेजारचा राखाडी किंचित जांभळट भासतो, आणि हात आडवा धरून पिवळा झाकला की तो जांभळेपणा ओसरतो, असल्या क्षुल्लक गोष्टींकडे लक्ष गेले तर वादाचा मुद्दाच निसटेल.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रापुढे विशेष सावध राहावे. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवीत आणि खरवडून काढीत, त्यामुळे खालचा थर वरच्यातून उजळत राहतो. पण हे दिसण्यासाठी बराच वेळ एका जागी उभे राहावे लागते, मग जवळ जावे लागते, पुन्हा मागे यावे लागते, आणि तेवढ्यात खडे बाजारातली खरेदी उरकते. त्यापेक्षा ‘हे आमचं पोरगंबी काढंल’ म्हणून मोकळे व्हावे. (पोराच्या हाती रोलर देऊन खात्री मात्र करून घेऊ नये.) न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते, हे आवर्जून सांगावे, पाहिल्याचे पुण्य त्यातच पदरी पडते.

कोणी फारच डिवचले, तर डच अमूर्त चित्रकार मोन्द्रियानचा दाखला द्यावा. रंगीत चिकटपट्ट्यांनी केलेले त्याचे १९४१ चे ‘न्यूयॉर्क सिटी १’ हे चित्र कित्येक दशके उलटे टांगलेले असावे, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. पट्ट्यांची दाटी कोणत्या कडेला आहे हे कोणीतरी निरखून पाहिले, म्हणून ते उमगले, एवढा भाग गाळावा. सरळ करताना पट्ट्या निखळतील या भीतीने चित्र तसेच ठेवले गेले. आपले मतही त्याच कारणास्तव हलवू नये.