शाळा पाडली, रजिस्टर कुठाय?

पेठेतली जुनी शाळा पाडली, तेव्हापासून कट्ट्यावर दुसरा विषय नाही.

"शाहू महाराजांनी बांधलेली शाळा पाडली लगा," बाळ्या पेटलाच.

"महाराजांनीच बांधलेली कशावरनं?" दिल्या म्हणाला. "कोल्हापुरात काळा दगड दिसला की महाराजांचा! त्यांनी १९१७ ला सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला, तवा इमारतीसाठी थांबले न्हाईत. देवळात भरवा, चावडीत भरवा, पण भरवा. पोरगं न धाडणाऱ्या बापाला म्हैन्याला रुपया दंड. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकाच वर्गात बसवली. इतिहास म्हणजे ह्यो. भिंतीचं काय घिऊन बसलाईस?"

दिल्याचं हे नेहमीचंच, बरोबर बोलतो पण राग येईल असं.

"मग २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळलं, तवा का रडत हुतास?" बाळ्यानं वर्मावर बोट ठेवलं. "ती बी भिंतच की. ते बांधायला सगळं गाव उभं ऱ्हायलं. आणि शाळेच्या सागवानी तुळया ट्रॅक्टरमधनं कुठं गेल्या, इचारलं का कुणी?"

दिल्या गप्प. माझ्या मते इथं बाळ्या जिंकला. नाटकाला गेलेली माणसं गाव चालवतात, त्या शाळेत शिकलेल्यांची पोरं आता इंग्रजी माध्यमात जातात. रडणार कोण?

एवढा वेळ मावा मळत बसलेल्या आबांनी तोंड उघडलं. "तुळया ऱ्हाऊ दे. जनरल रजिस्टर कुठाय?"

सगळे त्यांच्याकडं बघाय लागले. आबांच्या नातीची जातपडताळणी अडकलीय. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि आबांच्या वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख असलेलं पान त्याच शाळेच्या कपाटात होतं. कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली तेव्हा निम्मी पेठ त्या कपाटापुढं रांगेत होती. आता शाळा दुसऱ्या शाळेत विलीन. तिथले म्हणतात दप्तर आलं नाही, कार्यालय म्हणतं पाठवलंय.

"पोचपावती हाय का त्यांच्याकडं?" दिल्यानं विचारलं.

"तेच इचारायचं हाय."

"उद्या अकराला जाऊ. माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहितो."

"आणि तुळयांचं बी घाल त्यात," बाळ्या म्हणाला.

"वेगळा अर्ज. एकात दोन विषय घातले की फेटाळायला बरं पडतं त्यास्नी."