मनीला उलट्या, घराला डोहाळे

रात्री तीन-साडेतीनला हॉलमधून हॅक... हॅक... हॅक असा आवाज आला की आमच्या घरात दोनच माणसं उठतात, मी आणि सासूबाई, पण कामाची वाटणी ठरलेली आहे, म्हणजे मी जुना पेपर घेऊन धावते आणि त्या बेडरूमच्या दारातून ओरडतात, "अगं हळू, दचकेल ना ती!" मनी उलटी करताना मागे मागे सरकत जाते, त्यामुळे तोंडाखाली नीट धरलेला पेपर कोरा करकरीत राहतो आणि माल पडतो त्याच्या बरोब्बर अलीकडे. अख्ख्या हॉलला टाइल्स आहेत हो, पण बाईसाहेबांना लागतं सोफ्याचं कव्हर, नाहीतर ह्यांचा इस्त्रीचा शर्ट.

आधी आम्हाला वाटलं केसांचा गोळा अडकला असेल, मांजरं अंग चाटून चाटून तेच तर करतात. ह्यांचं म्हणणं, पाल खाल्ली असणार. मग सासूबाईंना तिचे सड जरा गुलाबी आणि मोठे दिसले, आणि बी विंगच्या त्या माजोरड्या बोक्याचा उद्धार सुरू झाला.

व्हेटनी पोट चाचपलं, सोनोग्राफी केली, म्हणाले चौथा आठवडा असावा, ह्या सुमाराला हार्मोन्स बदलतात, गर्भाशय ताणलं जातं, त्यामुळे काही मांजरींना थोडे दिवस मळमळतं, खाणंही कमी होतं. सगळ्यांनाच होतं असं नाही (आमच्याच नशिबी बरं). सासूबाईंनी विचारलं, "मॉर्निंग सिकनेस, मग ही रात्रीची का ओकते?" डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

आता माझं दुखणं ऐका. माझ्या वेळी फोडणीच्या वासाने मला ढवळून यायचं, तेव्हा ह्याच बाई म्हणाल्या होत्या, "आम्ही उलटी करून यायचो आणि उरलेल्या पोळ्या लाटायचो." आणि आता मनीला वास सोसत नाही म्हणून घरात हिंगाची फोडणी बंद! आम्ही सगळे दहीभातावर. मला तेव्हा सुकं खोबरं हवं होतं तर "कफ होईल" म्हणून मिळालं नव्हतं, लक्षात आहे माझ्या.

डॉक्टरांनी सांगितलं एकदम वाटीभर देऊ नका, थोडं थोडं चार-पाच वेळा द्या, पिल्लांचं फूड चालू करा कारण त्यात प्रोटीन आणि कॅलरीज जास्त असतात, पाणी ताजं ठेवा. ह्यात "द्या", "करा", "ठेवा" म्हणजे कोणी ते तुम्हाला कळलंच असेल. आणि ते फूड किलोला आमच्या बासमतीपेक्षा महाग. पण खरा धक्का सासूबाईंना बसला तो दुधाचा, मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरींना दूध पचत नाही, जुलाब होतात, हे ऐकून त्या रिक्षात घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

शेजारच्या काकू आलेपाक घेऊन आल्या, वर म्हणाल्या अर्धी पॅरासिटामॉल दे चुरून, बरं वाटेल. सासूबाई अशा उसळल्या! पॅरासिटामॉलने मांजर मरू शकतं, माणसाचं कुठलंच औषध द्यायचं नाही, उलट्या थांबेचनात किंवा रक्त दिसलं किंवा दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर सरळ डॉक्टर, कारण मांजर उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढते, असं सगळं एका दमात. काकू आलेपाक परत घेऊन गेल्या, तो मला चालला असता.

उलट्या आता थांबल्यात आणि भूक अशी सुटलीय की फ्रिज उघडायची सोय नाही. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५, म्हणजे अजून महिनाभर हे चालणार. पिल्लं किती ते मोजायला शेवटी शेवटी एक्सरे काढू म्हणालेत. दरम्यान सासूबाईंनी डोहाळजेवण काढलंय, सोसायटीतल्या बायकांना बोलावणं गेलंसुद्धा. फुलांच्या सजावटीत लिली नको, मांजरांना विषारी असते, एवढं माझं ऐकलं. मेनूला उकडलेला मासा, कांदा-लसूण-मीठ काही न घालता, आणि तारीख नेमकी निघाली संकष्टीची. मी म्हटलं, अहो आई, घरात उपास आणि मासा?

"उपास आपला आहे," त्या म्हणाल्या, "तिने कुठे धरलाय?"