लेन्स बसते, पण चालत नाही

काल संध्याकाळी भाची माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. पिशवीतून निकॉनचा सेकंड हँड डी5600 कॅमेरा काढून टेबलावर ठेवला, शेजारी दादाचा लेन्सचा डबा ठेवला आणि म्हणाली, "आत्या, बाबांच्या लेन्स गेल्यात. दुकानदार म्हणाला, फंगस आलाय, भंगार आहे. दोन्हीचे मिळून पाचशे देतो म्हणाला."

पाचशे! दोन्हीचे!

माझ्या दादाने 2002 साली मुंबईत बोरा बाजारात दिवसभर पायपीट करून घेतलेली 50 एमएम 1.8 डी आणि 70-300 डी. सोबत एफ80, फिल्मचा कॅमेरा. दादाला जाऊन तीन वर्षं झाली. कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते इथे राहणाऱ्यालाच कळतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते इथे. तरी त्या दोन लेन्सना मी एक डाग पडू दिलेला नाही. दर पावसाळ्यात सिलिका जेल बदलते, महिन्यातून एकदा बाहेर काढून रिंगा फिरवते. आणि हा माणूस लेन्स उजेडात न धरता, टॉर्च न लावता सांगतो, फंगस!

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, काउंटरवर नक्की काय झालं ते सांग. माझी चूक एवढीच की मी तेव्हा इचलकरंजीला लग्नाच्या ऑर्डरवर होते आणि पोरगी मैत्रिणीला घेऊन माझ्याशिवायच गेली. तिने दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या सांगितलं होतं, माझ्याकडे निकॉनच्या दोन जुन्या लेन्स आहेत, त्या चालतील असा कॅमेरा दाखवा. यापेक्षा स्पष्ट गिऱ्हाईक काय सांगणार? त्याने काय केलं, तर कॅननचा 200डी मार्क टू आणि हा डी5600 शेजारी शेजारी ठेवले आणि 'कंपेअर' करून दाखवले. दोन्हीवर कॅमेऱ्यासोबतच मिळणारी किट लेन्स, दोन्ही ऑटोवर, वर ट्यूबलाइट, समोर कॅल्क्युलेटर. एकेक फोटो काढला आणि मागच्या तीन इंची स्क्रीनवर दाखवून म्हणाला, बघा मॅडम, कलर कसा आहे. एकात 24.1 मेगापिक्सल, दुसऱ्यात 24.2. एकात 4के व्हिडिओ आहे, दुसऱ्यात नाही. स्क्रीन दोन्हीची फिरते. मग पोरीने पुन्हा विचारलं, पण बाबांच्या लेन्स? तर म्हणे, निकॉनची लेन्स निकॉनला बसणारच की. केलं बिल.

बसते हो! निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची जागा, 1959 पासून तोच आहे, बसणार नाही तर काय. पण त्या डी लेन्सच्या पोटात फोकसची मोटर नाही. तिच्या मागच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरने फिरवावी अशी एक खाच असते आणि ती फिरवणारा बारीक दांडा कॅमेऱ्याच्या बॉडीच्या माउंटमध्ये लागतो. डी7000, 7100, 7200, 7500 मध्ये तो आहे. डी3000 आणि डी5000 मालिकांच्या कुठल्याच बॉडीत नाही. लेन्स काढून माउंटकडे पाहिलं की उघड्या डोळ्यांना दिसतं. ज्याचं पोटच कॅमेऱ्यावर चालतं त्याला हे माहीत नाही, असं मी मानायलाच तयार नाही.

आणि पुढचा प्रकार तर माझ्या डोक्यात गेला. घरी जाऊन पोरीने 50 लावली, तर फोकस हलेना आणि व्ह्यूफाइंडरमध्ये 'एफ ई ई' लुकलुकायला लागलं. ती परत दुकानात. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, एरर आहे, लेन्स गेली. अरे बाबा, उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी ती अ‍ॅपर्चर रिंग 22 वर आणून बाजूची बारीक खिट्टी सरकवायची असते! दोन सेकंदांचं काम. ते न करता त्याने लेन्स भंगारात काढली आणि लगेच आतून पोटात मोटर असलेली नवी 50 एमएम जी आणून पुढ्यात ठेवली. म्हणजे चुकीची बॉडी गळ्यात मारायची, ती चालली नाही की दोष गेलेल्या माणसाच्या लेन्सवर टाकायचा, त्या पाचशेत लाटायच्या आणि वर नवी विकायची. पोरीने लेन्स दिल्या नाहीत, नुसतं "आत्याला विचारते" म्हणून उठून आली. तेवढ्यावर वाचलं.

त्याच काउंटरवर तुलना करायचीच होती, तर खरा फरक पडलेला होता की. कॅननने 1987 साली माउंटच बदलला, जुन्या एफडी लेन्सवाल्यांना वाऱ्यावर सोडलं, पण तेव्हापासूनची ईएफ लेन्स फोकसची मोटर स्वतःच्या पोटात घेऊनच येते. निकॉनने माउंट राखला आणि मोटर मात्र स्वस्त बॉडीतून काढून टाकली. एकाने एकदाच तोडलं, दुसरा बॉडी बघून तोडतो. ज्याच्या घरात जुन्या लेन्स पडून आहेत त्याच्यासाठी सगळा निवाडा इथे आहे. तो 24.1 आणि 24.2 मध्ये नाही, आणि कॅल्क्युलेटरच्या फोटोत तर नाहीच नाही. त्या 200डी मार्क टूचंही तसंच. त्याच्या हॉट शूमधली, म्हणजे वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेतली, मधली पिनच काढून टाकली आहे, साधा मॅन्युअल फ्लॅश किंवा जुना ट्रिगर लावला तर पेटत नाही. लग्नाची कामं करणाऱ्या किती पोरांकडे तसलेच फ्लॅश आहेत! आणि त्या 4के चं इतकं कौतुक, पण ते चालू केलं की फ्रेम चांगलीच आवळली जाते आणि ड्युअल पिक्सल फोकस, म्हणजे व्हिडिओतला झटपट ऑटोफोकस, बंद पडतो, हे सांगताना कुणाची जीभ उचलत नाही.

मेगापिक्सल हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, हे मी आधीच सांगून ठेवते. सोळा वर्षं लग्नं शूट करते आहे, एकही मांडव असा गेला नाही जिथे वरपक्षाचा कुणी काका येऊन "किती मेगापिक्सल?" म्हणाला नाही. 18 चे 24 झाले की फोटोची लांबी-रुंदी जेमतेम पंधरा टक्के वाढते. बारा बाय अठराचं पान 300 डीपीआयला छापायला साडेएकोणीस पुरतात. मग सगळे मिळून भांडता कशावर?

भिगवणला तर पहाटे रोहित पक्षी बघायला म्हणून जावं आणि होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत कॅनन की निकॉन हेच ऐकावं. पलीकडे उजनीच्या पाण्यावर अख्खा थवा उठतोय आणि इकडे दोघे जण आपापल्या बॉडीची जात सांगत बसलेत. हातात दोघांच्याही तीच टॅमरॉनची 150-600, फक्त माउंट वेगळा! लहान सेन्सरमुळे फ्रेम किती आवळते तो क्रॉप एकाचा 1.6, दुसऱ्याचा 1.5, त्यावरून अर्धा तास. नावाडी बिचारा इंजिन बंद करून थांबलेला.

हातात धरून दोन्ही बॉडी चालवून बघा, असं मात्र कुणी म्हणत नाही. दोन्हींच्या झूम रिंगा उलट्या दिशेने फिरतात. माझ्या जोडीला येणारा पोरगा कॅननवर शिकलेला, त्याच्या हातात मी एकदा माझा कॅमेरा दिला आणि मंगलाष्टकांच्या शेवटच्या 'सावधान'ला त्याने झूम आत घेण्याऐवजी बाहेर नेला. माळा पडल्या, फोटोत आला अख्खा मांडव. हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं असतं? आणि आता तर नवीन टोळी निघाली आहे, तुलना कसली करता, आतल्या आरशाचे डीएसएलआर मेले, बिनआरशाचे मिररलेस घ्या. जिच्या वडिलांनी दोन लेन्स मागे ठेवल्यात आणि जिचं बजेट सेकंड हँडचं आहे, त्या पोरीला हे सांगून काय उपयोग?

तर काल रात्री मी कपाटातून दादाचा एफ80 काढला. त्याच्या दोन सीआर123 बॅटऱ्या संपल्या होत्या, दहा वाजता दुकान उघडायला लावून आणल्या. 50 लावली, रिंग 22 वर, खिट्टी सरकवली. कॅमेरा पोरीच्या हातात दिला आणि म्हटलं, देवघरातल्या समईवर धर, बटण अर्धं दाब.

घर्रर्र करून लेन्स फिरली आणि ज्योतीवर येऊन थांबली.

तिने पुन्हा दाबलं. मग खिडकीवर, मग माझ्यावर, मग परत समईवर. दहा-बारा वेळा तरी तो आवाज ऐकला असेल तिने.

सकाळी साडेदहाला ते दुकान उघडतं. बिल माझ्या पर्समध्ये आहे, एफ80 गळ्यात असणार आहे आणि डी5600 च्या बदल्यात डी7200 घेतल्याशिवाय मी त्या काउंटरवरून हलणार नाही.