साठ आणि साठ ऐंशी

अपंगत्व यायचंच असेल तर ते एकाच अवयवात येऊ द्या, उगाच अंगभर पसरू देऊ नका. इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या आमच्या अण्णाकाकांना हे वेळेवर कुणी सांगितलं नाही. डावा पाय लहानपणी पोलिओने नेला. उजव्या पायाने मशीन चालवत त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आणि साठी उलटल्यावर कानांनीही हात टेकले.

दिव्यांग कार्डाच्या तपासणीत पायाचं अपंगत्व 45 टक्के निघालं, कानांचं 36. काकांनी मापांच्या वहीत बेरीज मांडली, 81. 2024 च्या नियमांत या कार्डांचे रंग लिहिलेले आहेत. 40 टक्क्यांच्या आत पांढरं, 40 पासून 80 च्या आत पिवळं आणि 80 पासून पुढे निळं. ऐंशी ओलांडली म्हणून काकांनी काकूंना शिरा करायला लावला. कार्ड आलं ते पिवळं, 63 टक्क्यांचं.

शिरा करण्याआधी सूत्र पाहावं. मोठा आकडा 90 मधून वजा करा, उरेल त्याला लहान आकड्याने गुणा, 90 ने भागा आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवा. 45 आणि 36 चे 63 होतात. साठ आणि साठ? बरोबर ऐंशी. माणूस शंभर टक्क्यांच्या वर अपंग होऊ नये म्हणून ही काळजी घेतलेली आहे, आणि डॉक्टरांच्या हिशेबाने ते योग्यही असेल. पण ज्याने आयुष्यभर छाती 38, कंबर 34 अशी मापं घेतली, त्याला हे कसं पटवायचं? "कापड धुतल्यावर आटतं तसं," एवढंच ते म्हणाले.

निळ्या कार्डाने तरी काय मिळालं असतं म्हणा. मध्यप्रदेशात पेन्शन महिन्याची तीच 600, दिवसाला वीस रुपये. फरक इतकाच, की त्यातले 300 दिल्लीहून आले असते. दिल्लीचे हे 300 रुपये 2012 पासून 300 च आहेत. याबद्दल कुरकुर करू नका. तुमचा पाय 2012 मध्ये होता तसाच आहे ना? मग पैसे का वाढावेत?

आणि कायदा तर मुळीच वाचू नका, प्रकृतीला बरा नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 24 म्हणतं, की अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मदत मिळावी. इकडे वृद्धांना 600, विधवांना 600, दिव्यांगांनाही 600. मनात 750 चा आकडा येऊ लागला तर घोटभर पाणी प्या आणि त्याच कलमातले 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्द जपमाळेसारखे म्हणा. पैसे वाढले नाहीत तरी मान वाढलाच आहे. काका आधी अपंग होते, मग विकलांग झाले, मग कागदोपत्री नि:शक्त, आणि आता दिव्यांग. एका पायाची इतकी बारशी कुणाच्या घरी होतात?

आता खरी परीक्षा, समग्र आयडीची, म्हणजे मध्यप्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाची ई-केवायसी. अंगठा लावून आपण आपणच आहोत हे पटवायचं. तिच्यावाचून काकांची पेन्शन थांबली. हे काम जिथे होतं त्या कियोस्कला रॅम्प आहे. वर गायी चढू नयेत म्हणून त्याला साखळी लावलेली आहे, तेव्हा कुबडी घेऊन शेजारच्या पायऱ्यांनी जावं. आत पोरगा भला. "बाबूजी, मशीन अंगूठा नहीं पकड़ रही," असं तो तीनदा म्हणाला, तिन्ही वेळा काकांच्या न ऐकणाऱ्या कानात. मग त्याने काकांचा अंगठा स्वतःच्या केसांवर घासला, तेल लागावं म्हणून. ठसा उठेना. चाळीस वर्षं अंगठा कात्रीच्या कडीत गेलेला, रेषा तिथेच झिजल्या. म्हणून सांगतो, पेन्शन हवी असेल तर तरुणपणी हाताने काम करू नका. आणि काम केलंच असेल, तर निदान रिक्षाचे अडीचशे रुपये बाजूला ठेवा. त्या दिवशी जाऊन-येऊन तेवढेच लागले, म्हणजे साडेबारा दिवसांची पेन्शन.

अजून कार्डच नसेल तर अर्ज करा आणि शांत बसा. पूर्वी एका महिन्यात निकाल लागायला हवा होता, 2024 च्या नियमांनी त्याचे तीन महिने केले. दोन वर्षं निर्णय झालाच नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो. निर्णय त्यांनी घ्यायचा राहिला तरी निष्क्रिय तुमचा अर्ज, हे नीट समजून घ्या आणि पुन्हा पहिल्यापासून भरा. तोवर मजेत दिसू नका. काका तपासणीला इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि "मशीन चालवता ना अजून?" या प्रश्नाला अभिमानाने "हो" म्हणाले. असं कुणी म्हणतं का?

शेवटी मंगळवारची जनसुनवाई. तिथे गाऱ्हाणं ऐकलं जातं, हे नावातच आहे. काका सकाळी नऊला जाऊन भिंतीजवळच्या बाकावर बसले. अर्ज दिला, नंबर मिळाला. नाव तोंडी पुकारत होते. दुपारी दोनला खोली रिकामी झाली, पंखे बंद झाले, तेव्हा शिपायाने खांदा हलवून विचारलं, "दादा, आपका नाम तो कब का हो गया, आप कहाँ थे?"

पुढच्या मंगळवारी मी बरोबर जाणार आहे, 36 टक्क्यांपुरता. बाकीचे 45 काका स्वतःच आणणार आहेत.