ए-साडेतीन

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पुतण्यांसमोर दातानं ऊस सोलून दाखवा, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. पण गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळत होता, पोरं विळा शोधत होती आणि माझ्यातला कोल्हापूरकर जागा झाला. 'इळा कशाला पायजे रे?' म्हणत मी कांडं तोंडात धरलं. कट्‌! ऊस शाबूत होता.

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघून सांगितलं, 'काका, पुढच्या दाताचं मूळच उभं चिरलंय. कॅप बसवायची म्हटलं तर खाली धड दात लागतो. हा काढावाच लागेल. इम्प्लांट करू.' म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर सिरॅमिकचा दात. ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं. ते काढायला गेले तर निघेचना, हाडानं धरूनच ठेवलेलं! तिथून हे सगळं सुरू झालं. खर्चाचा आकडा ऐकून मी विचारलं, 'एवढ्यात किती दात बसतील?'

'एकच.'

स्क्रू हाडात मुरायला चार महिने लागले. नवा पोरगा तालमीत रुळायलाही तेवढे लागतातच. तोवर काढता-घालता दात होता. तो एका जेवणावळीत तांबड्या रश्श्यात पडला. वाढप्यानं पळी घालून शोधला आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं ओरडला, 'नळी न्हवं ओ, दात हाय!'

खरी परीक्षा रंगाची. बाईंनी सोळा छटांच्या दातांची पट्टी माझ्या ओठापाशी धरली. सौ. महाद्वार रोडवर साडी बघावी तशी पुढे सरसावली, 'यापेक्षा उजळ नाही का?'

'आहे, पण शेजारचे दात चहाचे आहेत. एकटाच ट्यूबलाइटसारखा दिसेल. सिरॅमिक नंतर ब्लीच होत नाही. पांढरे हवेत तर आधी बाकीचे उजळून घ्या.'

'मग त्यांना ते व्हिनिअर लावा.'

व्हिनिअर म्हणजे दर्शनी बाजूला सनमायका. त्यासाठी चांगल्या दातांचं वरचं कवच थोडं घासतात, अर्धा मिलिमीटर म्हणा, आणि घासलेलं परत येत नाही. तेवढ्यासाठी धडधाकट दात घासायला बाईच तयार नव्हत्या. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तिथं. शेवटी उजेडात, खिडकीपाशी नेऊन छटा ठरली : ए-साडेतीन. तीस वर्षांच्या चहाला एवढा नेमका नंबर मिळेल असं वाटलं नव्हतं.

यंदा पुन्हा गुऱ्हाळाला गेलो. वहिनींनी निमूटपणे गंडेऱ्या करून पुढे ठेवल्या. धाकटा पुतण्या माझ्या तोंडाकडे टक लावून बसला होता.

'काका, वळखला! ह्यो खोटा दात न्हवं?'

त्याचं बोट माझ्या शेजारच्या, जन्मापासूनच्या दातावर होतं.